ह्यात कोणी क्लासला का जात नाही?

पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींवरच्या कादंबऱ्या वाचायचा मला नाद आहे, आणि माझं वय विचारू नका, चष्म्याला खालून वेगळा नंबर लागलाय एवढं सांगते. यंग अडल्ट म्हणतात त्या. वाचते आणि एका छोट्याशा अंकासाठी त्यांच्यावर पान-दीड पान लिहिते पण. अडचण एवढीच की माझी भाची पण तीच पुस्तकं वाचते आणि ती यंदा दहावीत आहे, म्हणजे ती तज्ज्ञ आणि मी आपली नुसती समीक्षक.

एक अमेरिकन लव्हस्टोरी मला फार आवडली होती, रडले बिडले, तिला दिली तर दोन दिवसात परत. म्हटलं कशी वाटली गं? तर म्हणे, "आत्या, ठीके, पण ह्यात कोणी क्लासला का जात नाही?"

आता ह्यावर काय बोलणार. तिचा दिवस बघा, सकाळी सातला इथं साताऱ्यात पोवई नाक्याला सायन्स, मग शाळा, संध्याकाळी मॅथ्स, रविवारी टेस्ट. प्रेमात पडायचंच झालं तर क्लास सुटल्यावर सायकली बाहेर काढताना जी पाच-दहा मिनिटं मिळतात तेवढ्यात उरकायचं, आणि तेही वरच्या खिडकीतून सर बघत असताना. तिकडच्या पुस्तकात शाळा दुपारीच सुटते, सोळाव्या वर्षी लायसन मिळतं, गाडी काढतात आणि निघतात कुठंतरी समुद्राला. आपल्याकडं सोळाव्या वर्षी कायद्यानं फार तर पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, तसली शोधून सापडत नाही, मग पोरं प्रत्यक्षात काय चालवतात ते संध्याकाळी राजवाड्यावर उभं राहून बघा.

पण मला तिचं म्हणणं पटलं ते वेगळ्याच कारणानं. ह्या वयावरचं पुस्तक फसतं ते बहुतेक वेळा लेखकाला ते वय आठवत नाही म्हणून नाही, आठवतं पण नंतरचं सगळं माहीत असतं म्हणून. पोरगं रडतंय आणि लेखक मागं उभा राहून गालातल्या गालात हसतोय, की होईल रे बाळा सगळं ठीक. पोरांना ते लगेच कळतं, आणि मग ती पुस्तक मिटतात. मिलिंद बोकीलांची 'शाळा' (2004) अजून वाचतात ती त्यामुळंच असं मला वाटतं. नववीतला मुलगा, आणीबाणी चालू आहे, घरात आणि बाहेर त्यावर बोलणं चालतं, पण त्याचं सगळं लक्ष एका मुलीकडं, आणि लेखक मधे येऊन आणीबाणी समजावून सांगत नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन पण तसाच. संत शिकवायचे आमच्या जिल्ह्यात कराडला, तेही भूगर्भशास्त्र, आणि लिहीत होते बेळगावकडच्या लहान मुलाबद्दल, 'वनवास' आला 1994 मधे म्हणजे लेखक तेव्हा पंचावन्नच्या पुढं, तरी कुठं म्हातारा आवाज येत नाही. हे कसं जमतं देव जाणे. भूगर्भशास्त्रवाल्यांना खालचा थर वरच्या थराला धक्का न लावता बघायची सवय असते म्हणावं तर ते फारच गोड होतंय, सोडून द्या.

दुसरा उपाय म्हणजे त्याच वयात लिहून टाकणं. एस. ई. हिंटननं 'द आउटसायडर्स' पंधराव्या वर्षी लिहायला घेतली, 1967 मधे छापून आली तेव्हा ती अठराची. गँगमधल्या पोरांची मारामारी, आणि लिहिणारी मुलगी, म्हणून प्रकाशकांनी नावाची नुसती आद्याक्षरं घातली, का तर मुलीचं नाव बघून पुरुष समीक्षक पुस्तक बाजूला टाकतील. हे भाचीला सांगितल्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं काय तो सल्ला मीच दिला होता!

आपल्याकडं समीक्षेची वेगळी गंमत. पुस्तक पोरांचं म्हटलं की त्यातून संस्कार काय झाले हे पहिलं बघतात. मी पण सुरुवातीला 'पालकांनीही आवर्जून वाचावं' असं ठोकून द्यायचे, भाची म्हणे, हे लिहिलंस की आमच्यातलं कोणी हात लावत नाही. तेव्हापासून बंद केलं. आणि हात लावायला पुस्तकं तरी कुठं आहेत, 'किशोर' मासिक 1971 पासून चालू आहे, ते सुटलं की पुढं दुकानात एकदम एमपीएससीचे गठ्ठे. पाचगणीजवळ भिलारला पुस्तकांचं गाव झालंय, 2017 पासून, घराघरात पुस्तकं, कोणीही बसा आणि वाचा, तिथं हिला एकदा सोडली तर पोरगी बालसाहित्य ओलांडून थेट कादंबऱ्यांच्या घरात जाऊन बसली, मधलं घर शोधत बसली नाही. स्ट्रॉबेरी पण खाल्ली नाही.

आमचं एका बाबतीत मात्र अजिबात जमत नाही. मी पुस्तकातली आई बघते, ती नुसती ओरडायला आणि डबा द्यायला ठेवलीय का तिला स्वतःचं काही आहे. भाची ती पानं उडवते. म्हणते आईबाबा काय, घरी आहेतच की. परवा एका कादंबरीवर लिहिताना मी अख्खा परिच्छेद त्यातल्या वडलांवर घातला, तिनं कच्चा मजकूर वाचून त्यावर पेन्सिलनं आडवी रेघ मारली. मी तो तसाच पाठवला, आणि आता अंक आला की घरात काय होतंय बघू.