फुली मारायची की वाढवायचं?

नागपूरच्या इतवारीतला जुना दुकानदार रात्री दुकान बंद करत नाही, ‘वाढवतो’. बंद पडतं ते धंदा बुडाल्यावर. वाढवलेल्या दुकानाचं शटर सकाळी वर गेलं की तराजू जागेवर, गल्ला जागेवर, अर्धवट हिशेबाची वही त्याच पानावर. भाषेनं जपलेला हा फरक संगणकाच्या पडद्यावर मात्र बंद करायच्या एका फुलीत (×) बुडाला. अख्ख्या खिडकीची फुली, टॅबची फुली, कडेला डॉक केलेल्या, म्हणजे चिकटवून ठेवलेल्या पॅनलची (छोट्या चौकटीची) फुली, सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या. त्यात आपल्याकडे एखाद्यावर फुली मारली म्हणजे त्याचं नावच टाकलं.

नागपुरात नकाशांवर काम करणारी मंडळी कमी नाहीत. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र इथलंच. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे लेअर्सचं, म्हणजे नकाशाच्या थरांच्या यादीचं पॅनल असतं. नवा माणूस नकाशाला जागा हवी म्हणून त्याची फुली दाबतो आणि लगेच ओरडतो, ‘अबे, लेअर उडाले का?’ उडालेलं काहीच नसतं. रस्ते, नाले, पांदण रस्ते नकाशावर तसेच असतात, गेलेली असते ती फक्त यादी. व्ह्यू मेनूत पॅनल्समध्ये जाऊन लेअर्सपुढे टिक केली की परत येते. टूलबारच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक केलं तरी तीच यादी उघडते. ब्राउझरच्या सवयीनं कंट्रोल आणि टॅब एकदम दाबणाऱ्याची तर सगळीच पॅनल्स एका झटक्यात गायब होतात, कारण इथं तो शॉर्टकट पॅनल्स लपवण्या-दाखवण्याचा आहे. पुन्हा दाबलं की सगळी हजर. पण हे सांगणारं शेजारी कोणी हवं.

डॉक केलेलं पॅनल म्हणजे खिडकीला लावलेला कूलर. उन्हाळा संपला की कूलर निघतो, गच्चीवर किंवा जिन्याखाली जातो, पण लोखंडी स्टँड खिडकीतच राहतो. पुढच्या मार्चमध्ये वाळ्याच्या ताट्या बदलल्या की कूलर त्याच स्टँडवर चढतो. कुठं ठेवू, असं कोणी विचारत नाही. पॅनलचाही स्टँड राहिला पाहिजे: कोणती कड, किती रुंदी, कोणत्या पॅनलच्या खाली, कोणत्या टॅबच्या मागं. क्यूजीआयएस ज्या क्यूटीवर, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या तयार साहित्यावर उभं आहे, तिथं फुली दाबल्यावर पॅनल मुळात नष्ट होतच नाही, फक्त लपतं. मांडणी जतन करायची सोयही तयार मिळते, पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं प्रत्येक डॉकला ‘ऑब्जेक्टनेम’, म्हणजे कोडमधलं नाव द्यावं लागतं. ते विसरलं की क्यूटी कन्सोलवर, म्हणजे प्रोग्रामरच्या संदेशांच्या पडद्यावर, एक इशारा छापून मोकळं होतं. तो वापरणाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतं एवढंच, की काल मांडलेलं पॅनल आज सकाळी मूळच्या ठिकाणी जाऊन बसलंय. ‘सॉफ्टवेअर सेटिंग विसरतं’ या तक्रारीमागं बऱ्याचदा एवढीच एक ओळ राहिलेली असते.

एकाच जागी चार पॅनल्स टॅबमध्ये रचली असतील तर फुलीनं कोणाला हात लावायचा? माझ्या मते, समोर दिसतंय तेवढ्यालाच. व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्रामरांच्या सॉफ्टवेअरमध्ये हा सेटिंगचा विषय आहे: बंद करायचं बटण फक्त चालू टॅबपुरतं, हा पर्याय मुळातच टिक केलेला असतो. गंमत म्हणजे शेजारच्या पिनला, म्हणजे पॅनल कडेला सरकवून ठेवणाऱ्या बटणाला, हाच नियम आपोआप लागू नसतो. ती सगळ्या गटाला घेऊन जाते. लपवणं गटाचं असलं तर चालतं, कारण कडेला नावाची पट्टी दिसत राहते. फुलीमागं काहीच दिसत नाही, म्हणून तिचा हात आखूड हवा.

आता फारसा बोलला न जाणारा एक घोटाळा. उजव्या कडेला एकाखाली एक तीन पॅनल्स आहेत. वरच्याची फुली दाबली की ते जातं आणि खालचं वर सरकतं. त्याची फुली बरोबर माउसच्या टोकाखाली येते. ज्यांना सगळीकडे डबल क्लिक करायची सवय आहे, त्यांची दोन पॅनल्स जातात आणि दुसरं गेल्याचं त्यांना कळतही नाही. विंडोजमध्ये डबल क्लिकची मुदत मुळात ५०० मिलिसेकंद असते. तेवढा वेळ त्या जागेवरचा दुसरा क्लिक फुलीनं गिळून टाकावा. किंवा पॅनल लगेच न सरकवता माउस बाजूला होईपर्यंत थांबावं. सुटलेली जागा शक्यतो मधल्या कामाच्या भागाला द्यावी, आणि कीबोर्डचा फोकसही तिथंच परत न्यावा. नाहीतर पुढची दोन-चार अक्षरं कुठंच उमटत नाहीत.

बटण केवढं? वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या नियमावलीनं २०२३ साली किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल धरलेत, किंवा तेवढं मोकळं अंतर. चिन्ह लहान असू दे, दाबायची जागा मोठी हवी.

पॅनलमध्ये काम सुरू असेल तर प्रश्न वेगळा. व्हीएस कोड या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाइप करून चालवायच्या पॅनलची फुली दाबली तर पॅनल लपतं, आत चाललेली कमांड चालूच राहते. ती मारायला कचरापेटीचं वेगळं चिन्ह आहे. ही विभागणी मला पटते. मात्र लपलेलं काम चालू आहे याची खूण खालच्या पट्टीत दिसली पाहिजे. नाहीतर कूलरचा पंखा बंद केला आणि पंप रात्रभर टाकीतलं पाणी फिरवत राहिला, तसं व्हायचं.

राहिलं बटणावर माउस नेल्यावर दिसणारं मराठी. तिथं बहुतेक ‘बंद करा’ असतं, आणि आपण पंखाही बंदच करतो, दारही बंदच, खातंही बंदच. इतवारीचा शब्द मनात येतो, पण ‘पॅनल वाढवा’ लिहिलं तर लोक त्याची कड धरून ओढत बसतील. त्यापेक्षा साधं ‘पॅनल लपवा’ लिहावं, आणि त्याखाली बारीक अक्षरात: ‘व्ह्यू मेनूत परत मिळेल’.