बग्गीला सहा मिनिटं पुरत नाहीत

गेल्या मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास सी बिल्डिंगच्या वळणावर बग्गी आमच्या हिच्या काठीला घासून गेली. गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून तीन महिनेही झालेले नाहीत. काठी हिरवळीत जाऊन पडली, हिला बाकाचा आधार सापडला म्हणून वाचली. आवाजच आला नाही म्हणाली. बॅटरीची गाडी, येणार कुठून?

मी 31 वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीचशी वरंधा घाटातून. त्यामुळे हे लिहायला बसलोय.

खराडीतल्या आमच्या सोसायटीत गेटपासून शेवटची बिल्डिंग पाऊण किलोमीटरवर आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी सहा सीटच्या दोन बग्ग्या घेतल्या, गोल्फच्या मैदानावर असतात तसल्या. वेगळा रस्ता नाही. ज्या पेव्हर ब्लॉकवर आम्ही चालतो, पोरं सायकल शिकतात, त्याच्यावरच त्या पळतात.

बग्गी ताशी 25 किलोमीटरनं पळाली, तर सेकंदाला सात मीटर जाते. समोरचं माणूस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच सात मीटर गेले. सी बिल्डिंगच्या वळणावर मेंदीच्या कुंपणामुळे तेवढं पुढचं दिसतच नाही. पुढे थांबायला लागणारी जागा वेगळीच, आणि वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. असल्या बहुतेक बग्ग्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. त्यात सहा माणसं बसलेली, पावसानं ब्लॉकवर शेवाळ धरलेलं. घाटात अशी गाडी मी डेपोबाहेर काढली नसती.

ग्रुपवर लगेच सुरू झालं, ड्रायव्हरला काढून टाका. मी त्या पोराला गाठलं. बावीस वर्षांचा आहे, आधी हिची माफी मागितली, मग सांगितलं. गेट ते शेवटची बिल्डिंग आणि परत, फेरी सहा मिनिटांत व्हायला हवी, असं ठेकेदाराच्या सुपरवायझरनं बजावलंय. दीड किलोमीटर, मध्ये पाच थांबे. प्रत्येक थांब्याला वीस सेकंद धरली तरी उरलेल्या वेळात सरासरी एकवीसनं पळवावी लागते. म्हातारं माणूस वीस सेकंदांत चढत नाही. उशीर झाला की तक्रारी आपल्याच, "बग्गी कुठाय?" म्हणून. एसटीत हेच पाहिलंय. वेळापत्रक चुकीचं आखलं की चांगला ड्रायव्हरही गाडी हाणतो.

पोलिसांना बोलवा, असंही कोणी म्हणालं. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात फक्त बंदिस्त आवारातच वापरायच्या खास गाड्या 'मोटार वाहना'च्या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. गेटच्या आत पावती फाडायला कोणी येईल या आशेवर बसू नये. जबाबदारी कमिटीची, म्हणजे आपली.

माझी पुतणी फ्लोरिडात असते. तिथे 'द व्हिलेजेस' ही निवृत्त लोकांची भलीमोठी वसाहत आहे, जो तो गोल्फ कार्टनं फिरतो. तिथल्या कायद्यात गोल्फ कार्ट म्हणजेच ताशी 20 मैलांपेक्षा, आपल्या 32 किलोमीटरपेक्षा, जास्त पळूच न शकणारी गाडी. मर्यादा गाडीतच. आमच्या एसटीलाही स्पीड लॉक असायचा. बोर्ड तर आपल्याकडेही आहे, '10 किमी', गेटजवळ, बोगनवेलीत बुडालेला.

रविवारच्या बैठकीत मी दोन गोष्टी लेखी दिल्या. मेकॅनिक बोलावून दोन्ही बग्ग्यांचा वेग बारावर बांधून टाका, आणि फेरी दहा मिनिटांची करा. पहिली मान्य झाली. दुसरीवर आयटीतल्या मंडळींनी हरकत घेतली, सकाळी कॅब चुकते म्हणून. वेग बांधून फेरी सहाचीच ठेवली तर ते पोर थांब्यांवर घाई करणार, आणि पायरीवर एक पाय असतानाच बग्गी हलणार. एसटीत कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय आम्ही गाडी हलवत नसू. बग्गीत कंडक्टर नाही.

मेकॅनिक शुक्रवारी येतोय. फेरीचा विषय पुढच्या रविवारी पुन्हा आहे, साडेदहाला, क्लब हाउसमध्ये. ज्यांच्या घरी चालायला काठी लागते, त्यांनी कृपा करून या.