तुम्ही विचारलंत म्हणून: युरोपात सगळ्यांचं पेन्शन एकच का नाही?

"चलन एक, सीमा खुल्या, मग पेन्शन, बेकारी भत्ता, किमान वेतन हेही सगळीकडे सारखंच का करत नाहीत?" युरोपात नोकरीला निघालेले मराठी लोक हे हमखास विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: करू नये. वेगवेगळ्या व्यवस्था जोडणं हे एक काम, त्या मोडून एकच करणं हे दुसरं. पहिलं काम युरोपीय संघाला चांगलं जमतं.

ते चालतं २००४ च्या ८८३ क्रमांकाच्या नियमावर, जो २०१० पासून लागू आहे. समजा, कुणी जर्मनीत ८, फ्रान्समध्ये १२ आणि पोलंडमध्ये २० वर्षं काम केलं. प्रत्येक देश आधी काढतो, की ही ४० वर्षं आपल्याकडेच झाली असती तर पेन्शन किती बसलं असतं. मग जर्मनी त्याचा ८/४० हिस्सा देतो. नुसत्या स्वतःच्या कायद्याने रक्कम जास्त येत असेल, तर ती मिळते. अर्ज राहत्या देशात एकदाच करायचा, बाकीच्या देशांना ते कार्यालय कळवतं. अडतं कुठे? निवृत्तीचं वय प्रत्येक देशात वेगळं, त्यामुळे तिन्ही हिस्से एकदम सुरू होतीलच असं नाही. एखाद्या देशात वर्षभराचाही भरणा नसेल, तर तो देश सहसा काही देत नाही, ते महिने दुसरे देश धरतात. म्हणून पगाराच्या जुन्या पावत्या टाकू नका.

आता हे सगळं एक करायचं म्हटलं, तर पैसा कुणाचा? जर्मनीत पगाराच्या १८.६ टक्के वर्गणी पेन्शनला जाते, निम्मी कामगाराची, निम्मी मालकाची. डेन्मार्कचं मूळ पेन्शन करातून येतं आणि देशात किती वर्षं राहिलात त्यावर ठरतं. संघाचं अंदाजपत्रक सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण १ टक्का. सामाजिक संरक्षणावर हे देश स्वतः खर्च करतात तो उत्पन्नाच्या पावपटीहून जास्त. ज्याच्या हाती कर नाही, त्याने म्हातारपणाची हमी देऊ नये. कर वाढला तर कुणाला पाडायचं, हे मतदाराला आपल्या देशात ठाऊक असतं. ब्रुसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाच्या बाबतीत ते त्याला उमगत नाही, आणि माझ्या शंकेचं मूळ तिथेच आहे.

वेतनाचं तर आणखी अवघड. जानेवारी २०२५ मध्ये महिन्याचं किमान वेतन बल्गेरियात ५५१ युरो होतं, लक्झेंबर्गमध्ये २,६३८. स्वीडन-डेन्मार्कमध्ये कायद्याने ठरवलेलं किमान वेतनच नाही. कामगार संघटना आणि मालक करार करतात. स्वीडनमधल्या वॅक्सहोमला शाळेचं बांधकाम करणाऱ्या लाटव्हियन कंपनीने असा करार नाकारला, तेव्हा संघटनेने काम अडवलं. २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने ही अडवणूक सेवा पुरवण्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध ठरवली. सामाईक बाजाराच्या नियमाने चालत्या व्यवस्थेच्या मुळालाच हात घातला.

युरोपीय संघ ज्यावर चालतो त्या मूळ करारातलं कलम १५३ 'वेतन' हा विषय संघाच्या हाताबाहेर ठेवतं. तरी २०२२ मध्ये किमान वेतनाचा निर्देश (देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा संघाचा नियम) आला. डेन्मार्क न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यातले दोन भाग रद्द केले, बाकीचा ठेवला.

समान मॉडेल नसेल तर स्वस्त मजूर आणून वेतन पाडतील, ही भीती खरी आहे. पण तिच्यावर उपाय संघाच्या नियमातल्या २०१८ च्या दुरुस्तीत आहे: कंपनीने काही काळ दुसऱ्या देशात पाठवलेल्या कामगाराला जिथे काम तिथलंच वेतन. ३० जुलै २०२० पासून ती लागू आहे, आणि त्यासाठी कुणाचंही पेन्शन एकत्र करावं लागलं नाही.

पुण्याहून जाणाऱ्यांनी एवढं बघावं. सामाजिक सुरक्षेचे करार भारताने संघाशी नव्हे, एकेका देशाशी केले आहेत: बेल्जियमचा २००९ मध्ये लागू झाला, जर्मनीचा २०१७ मध्ये. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून जर्मनीसाठी घेतलेलं प्रमाणपत्र (तुमची वर्गणी भारतातच भरली जाते असं सांगणारं) दुसऱ्या देशात चालत नाही. आणि संघात कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला ८८३ चा लाभ २०१० च्या वेगळ्या नियमाने मिळतो. त्या नियमात डेन्मार्क नाही.