बाबांचा स्कोअर 11 होता

बाबांच्या बायपासला आता सव्वा वर्ष होईल, पण मला ऑपरेशनचा दिवस कमी आणि डिस्चार्जनंतरचा अकरावा दिवस जास्त आठवतो. रात्री अडीचला आईचा फोन. "अगं, बाबा आडवेच होत नाहीयेत, ओट्यावर जाऊन बसलेत, दम लागतोय." कराडजवळच्या आमच्या गावातून परत ॲम्ब्युलन्स, परत पुणे, परत तीच कॅज्युअल्टी. फुफ्फुसाभोवती पाणी साठलं होतं. पाणी उतरवायची इंजेक्शनं दिली आणि चार दिवसांत घरी सोडलं, पण ते चार दिवस टळले असते असं मला आजही वाटतं.

मी दिवसभर डेटाचंच काम करते त्यामुळे बाबा जरा स्थिर झाल्यावर डोक्यात पहिलं हेच आलं की हे आधी ओळखता आलं असतं का. तर यासाठी स्कोअर असतात. त्यातला एक माहितीतला म्हणजे लेस, 2010 मध्ये आलेला, कॅनडातल्या ऑन्टारिओच्या 11 हॉस्पिटलमधल्या 4812 पेशंटवरून बनवलेला. तो चारच गोष्टी विचारतो, किती दिवस ॲडमिट होतात, इमर्जन्सीत आलात का, आधीचे आजार कोणते आणि मागच्या सहा महिन्यांत किती वेळा कॅज्युअल्टीत जावं लागलं. 0 ते 19 मार्क, आणि 10 किंवा जास्त आले की हा पेशंट 30 दिवसांत परत यायचा धोका जास्त असं धरतात. मी बाबांचं वहीच्या मागच्या पानावर मांडलं. नऊ दिवसांचे 5, इमर्जन्सीचे 3, शुगर आणि जुना अटॅक मिळून 2, आणि महिन्याभरापूर्वी छातीत दुखलं म्हणून एकदा नेलं होतं त्याचा 1. अकरा झाले. बराच वेळ मी त्या आकड्याकडे बघत बसले.

पण नंतर नीट वाचल्यावर कळलं की हा स्कोअर फार भरवशाचा पण नाही. परत आलेला एक पेशंट आणि न आलेला एक अशी जोडी घेतली तर 100 पैकी साधारण 68 वेळा तो बरोबर ओळखतो, नाणं उडवलं तर 50 वेळा जमतंच. आणि बायपासवाल्यांना तर आठवडाभर राहावंच लागतं म्हणजे दिवसांचे मार्क जवळपास सगळ्यांना सारखेच पडणार, मग फरक कळणार कसा? युरोस्कोअर नावाचा खास हार्ट सर्जरीचा स्कोअर आहे, पण तो ऑपरेशनमध्ये जीवाला धोका किती ते सांगतो, घरी गेल्यावर काय होईल ते नाही. अमेरिकेत मात्र हा विषय पैशाशी जोडलेला आहे, ज्या हॉस्पिटलचे पेशंट 30 दिवसांत जास्त प्रमाणात परत येतात त्यांचे मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे ऑक्टोबर 2012 पासून कापतात, आता 3 टक्क्यांपर्यंत, आणि बायपासही पुढे त्यात आली.

मला खटकतं ते वेगळंच. हे सगळे आकडे हॉस्पिटलच्या दारापर्यंतचे आहेत. आमच्या घरात काय चाललं होतं ते कुठल्या रकान्यात येणार? फाइलवर मीठ कमी करा असं इंग्रजीत लिहिलेलं, आईला इंग्रजी वाचता येत नाही, आणि ती बिचारी मायेने दिवसातून तीनदा मीठ घालून ताक देत होती, अंगात ताकद यावी म्हणून. पायावर सूज होती पण बायपाससाठी शीर काढलेल्या पायाला सूज येतेच असं सांगितलेलं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या पायावर पण मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ उठत होता, तो फोटो माझ्या फोनमध्ये होता, मी नातेवाइकांच्या ग्रुपवर "बाबा आता मस्त" लिहून टाकलेला. तो पाय मला तेव्हा दिसलाच नाही.

दुसऱ्यांदा सोडताना एक सिस्टर आईला बाजूला घेऊन बसल्या, चांगली वीस मिनिटं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तसल्याच कपड्यात वजन करायचं आणि लिहायचं. एका दिवसात किलोभर वाढलं किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो, तर दम लागायची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. किलोभर वजन म्हणजे लिटरभर पाणी, हे आईला एका झटक्यात कळलं, दूध मोजणारी बाई ती. तुमच्याकडे कोणाची बायपास असेल तर निघायच्या आधी तिथल्या काट्यावरचं वजन आणि रात्री उचलला जाणारा नंबर मराठीत लिहून घ्या, आणि लोणचं-पापडाचं स्पष्ट विचारा.

काटा मी त्याच संध्याकाळी घेतला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी वहीत 62.1 खाली एकदम 63.4 आलं. बाबा म्हणाले काटा बिघडलाय, मला काही होत नाहीये. आईने ऐकलं नाही, फोन लावला. डॉक्टरांनी लघवीची गोळी दोन दिवस वाढवून दिली. तिसऱ्या दिवशी 62.3, आणि पुढे आईच्या अक्षरात "रात्री झोपले".