न्यूटनची आई आणि मी

रायगडावर दगडात कोरलेला बदाम दिसला की माझं डोकं फिरतं. इंग्लंडात, लिंकनशायरमधल्या ग्रँथम गावी मात्र मी तसलाच एक खरडलेला दगड बघायला रीतसर परवानगी काढून गेले, आणि वर दहा वर्षांच्या चिरंजीवांना 'बघ, नीट बघ' असं बजावलं. सेंट वुल्फ्रम्स चर्चच्या शेजारी किंग्ज स्कूल या ग्रामर स्कूलची, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळेची, पंधराव्या शतकाच्या अखेरची इमारत आहे. तिच्या खिडकीच्या दगडी कट्ट्यावर पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या नावं कोरलीत. त्यातलं एक: आय. न्यूटन. बाकावर कर्कटकानं नाव काढलं म्हणून मी दोन छड्या खाल्ल्या होत्या. इथं त्याला वारसा म्हणतात!

ग्रामर स्कूलमधलं ग्रामर म्हणजे लॅटिनचं व्याकरण. आपल्या पाठशाळेतलं 'रामः रामौ रामाः'. जवळच्या रोप्सलीत जन्मलेल्या बिशप रिचर्ड फॉक्स यांनी १५२८ मध्ये शाळेला कायमचं उत्पन्न लावून दिलं. पुढं सहाव्या एडवर्ड राजाचं नाव लागलं. न्यूटन साधारण १६५५ मध्ये, बाराव्या वर्षी इथं आला आणि गावातल्या औषधविक्रेत्या क्लार्कच्या घरी राहिला. सुरुवातीला वर्गात पार तळाला होता म्हणे.

मला खिळवून ठेवलं ते पुढच्या भागानं. आईनं, हॅनानं, सतरा वर्षांच्या पोराला शाळेतून काढून वूल्सथॉर्पच्या शेतीवर बोलावलं. हा मेंढ्या सोडून पुस्तकात. मेंढ्यांनी नुकसान केलं म्हणून दंडही भरावा लागला. तेव्हा हेडमास्तर हेन्री स्टोक्स यांनी तिची समजूत घातली, बाहेरगावच्या मुलांची चाळीस शिलिंगांची फीसुद्धा माफ केली. १६६१ मध्ये पोरगा केंब्रिजला गेला. सगळे त्या बाईला नावं ठेवतात. मला नाही ठेववत. दोनदा विधवा झालेली, एवढी जमीन, आणि थोरला मुलगा झाडाखाली बसून राहणारा!

असे स्टोक्स आपल्याकडेही होते हो. आत्याची शाळा आजोबांनी सातवीत बंद केली तेव्हा गुरुजी तीन संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले होते. आत्या मॅट्रिक झाली. तिच्या नावाचा दगड कुठं नाही, एवढाच फरक.

आता या शाळेत शिरायचं तर दहा-अकराव्या वर्षी 'इलेव्हन प्लस' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर देशभर हीच चाळणी होती: पास झालेले ग्रामर स्कूलमध्ये, बाकीचे दुसऱ्या शाळांत. १९६५ मध्ये मजूर सरकारनं सगळ्यांसाठी एकच शाळा करा म्हणून परिपत्रक काढलं. गंमत म्हणजे १९७० ते १९७४ मध्ये शिक्षणमंत्री होत्या त्या याच गावच्या वाण्याची, मुलींच्या ग्रामर स्कूलमध्ये शिकलेली लेक मार्गारेट थॅचर, आणि त्यांच्याच सहीनं ढीगभर ग्रामर स्कूलं मोडीत निघाली. आता इंग्लंडभर १६३ उरलीत. लिंकनशायरनं आपली सोडली नाहीत.

ही परीक्षा मला मनापासून पटत नाही. दहा वर्षांच्या पोराला शब्दांची नि आकृत्यांची कोडी घालायची, आणि सप्टेंबरातल्या दोन पेपरांवरून तो कुठल्या फाटकातून आत जाणार ते ठरवायचं. आपल्या चौथीच्या स्कॉलरशिपला नाही बसलं तर कुणाची शाळा बदलत नव्हती. पण इथं सगळे तयारी करून घेतात आणि 'आम्ही काही खास करत नाही' असं हसून सांगतात. मग मीच काय घोडं मारलंय? गोऱ्या शेजारणीनं केलं तर तो छंद, आम्ही केलं तर 'तुम्ही लोक अभ्यासाच्या फार मागं असता'.

परतताना चिरंजीव म्हणाले, "आई, तळाला होता तर न्यूटन या परीक्षेत पास झाला असता?"

मी म्हटलं, सीटबेल्ट लाव.

शनिवारचा क्लास चालू आहे. तासाला किती पौंड, ते आमच्या सासूबाईंना कुणी सांगू नका.