गेलेल्या शेतकऱ्याच्या पट्टीत वाढणारे कट्टे

दसरा-दिवाळीच्या दिवसांत लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची आवक जोरात असते. ऐन गर्दीत एका आडत दुकानातून मुनीमकाकांचा फोन आला, "सर, पैसे घेऊन गेलेल्या माणसाच्या पट्टीत, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या पावतीत, कट्टे वाढायलेत. या बरं इकडं."

तिथलं वजनाचं अ‍ॅप आम्ही सांभाळत होतो. ते साधं होतं. कट्टा काट्यावर ठेवायचा, आकडा स्थिरावला की वजन ब्लूटूथने टॅबवर येतं आणि उघडलेल्या पट्टीत चढतं. मी काट्याजवळच उभा राहिलो. हमालाने कट्टा टाकला, ५०.४ आलं. बरोबर. मग काकांनी सकाळच्या पट्ट्या एकेक उघडून दाखवल्या. सगळ्यांत शेवटी तेच ५०.४! दुपारनंतर अ‍ॅप रडतखडत चालायचं आणि शेवटी बंद पडायचं, त्याचा दोष मात्र सगळे टॅबला देत होते.

कोड जावातला, आमच्या आधीच्या कुणाचा तरी. पट्टीची स्क्रीन उघडताना काट्याला लिसनर, म्हणजे वजन आलं की ज्याला कळवायचं तो ऑब्जेक्ट, जोडलेला; तिथल्या तिथे 'न्यू' करून नवा बनवलेला, अनॉनिमस म्हणजे बिननावाच्या क्लासचा. बंद होताना तो काढायची ओळही होती, त्यामुळे वाचणाऱ्याला शंकाच येत नाही. पण काढतानाही पुन्हा 'न्यू'! मजकूर हुबेहूब, ऑब्जेक्ट वेगळा. क्लासला सारखेपणा ठरवणारं स्वतःचं 'इक्वल्स' नसलं की यादी फक्त 'हाच तो ऑब्जेक्ट का' एवढंच बघते. तो सापडत नाही, 'रिमूव्ह' मुकाट्याने 'फॉल्स' देतं, आणि ते कुणी तपासत नाही.

पुढचं जास्त गमतीचं. असा क्लास स्क्रीनच्या आत लिहिला की कंपायलर त्याच्या हाती त्या स्क्रीनचा धागा, म्हणजे रेफरन्स, देऊन ठेवतो. कोडमध्ये तो दिसत नाही. हीप डंप, म्हणजे अ‍ॅपच्या मेमरीची प्रत, उघडला तेव्हा 'धिस डॉलर शून्य' या नावाने दिसला, आणि त्याला लटकलेल्या दिवसभराच्या स्क्रीन्स, आपापल्या पट्टीसकट. काटा लिसनरला सोडेना, लिसनर स्क्रीनला. मग कुणी न धरलेले ऑब्जेक्ट झाडून मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर काय करणार?

सोबतचा पोरगा म्हणाला, "सर, लॅम्डा करून टाकू." लॅम्डा म्हणजे असाच कोड क्लासशिवाय थोडक्यात लिहायची पद्धत. ते २०१४ मध्ये जावा ८ सोबत आले, मलाही आवडतात. पण इथे लॅम्डाही स्क्रीनची पट्टी वापरणारच, म्हणजे स्क्रीनला धरणारच, आणि दोन ठिकाणी लिहिला तर 'रिमूव्ह'ला पुन्हा तोच सापडेल याची खात्री नाही. क्लास बिननावाचा असला तरी हरकत नाही, ऑब्जेक्टला नाव हवं. लिसनर एका फील्डमध्ये ठेवला, जोडताना-काढताना तोच दिला. अनॉनिमस क्लास तसाच राहू दिला. सॉर्टिंगमध्ये कोण आधी हे ठरवणाऱ्या कंपॅरेटरला तर मी आजही तो बिनधास्त वापरतो.

ऑफिसात हे कधी दिसलं नव्हतं, कारण तिथे एक पट्टी करायची आणि अ‍ॅप पुन्हा चालवायचं.

दुरुस्तीला रात्र गेली. एकाच क्षणाचं वजन अनेक पट्ट्यांत असेल तर सगळ्यांत नंतर उघडलेली पट्टी खरी, बाकीच्या नोंदी खोडायच्या. काका शेजारी बसून आपल्या लाल वहीशी प्रत्येक बेरीज ताडून बघत होते. शेतकऱ्यांना पैसे त्यांनी वहीवरूनच दिले होते.