दुखायचं थांबलं म्हणून

मी पुण्यात डायलिसिस टेक्निशियन आहे, नऊ वर्षं झाली. त्या रात्री पावणेदोनला फोन आला, पेशंटचं पोटॅशियम ७.१ आहे, लगेच निघ. एवढ्या पोटॅशियमला हार्ट कधीही बंद पडू शकतं त्यामुळे तसाच भर पावसात गाडी काढली.

पेशंट कात्रजचे रिक्षावाले, पंचेचाळीशीचे. दम लागलेला, पाय सुजलेले, दोन दिवस लघवीचा थेंब नाही. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी किती चालते ते यावरनं कळतं) ११.४, जे साधारण १.२ च्या आत असायला पाहिजे. आमच्याकडं येणारे बरेचसे शुगर नाहीतर बीपीचे म्हणून मी तेच विचारलं, तर बायको म्हणाली, "काहीच नाही ओ दादा, फक्त मुतखडा!"

चार वर्षांपूर्वी उजवीकडे भयंकर कळा आलेल्या. इंजेक्शन झालं, कोणीतरी पानफुटीचा काढा दिला, महिन्याभरात दुखायचं थांबलं. म्हणजे खडा पडला. पडताना कोणी बघितला? कोणीच नाही, आणि परत सोनोग्राफी कशाला करायची, दुखत तर नव्हतं ना. आता सोनोग्राफीत उजवी किडनी सुकून एवढीशी, आणि डावीच्या नळीत नवा खडा अडकून ती फुगलेली. आमचे डॉक्टर सर म्हणाले, खडा अडकला की लघवी मागं तुंबते, आधी कळा येतात, मग किडनी हळूहळू कामातनं जाते आणि दुखणंही थांबतं. एक चालू असेपर्यंत रिपोर्ट पण नॉर्मल येतो. सगळ्यांचं असं होत नाही बरं का, चार-पाच एमएमचे खडे बहुतेक आपोआप पडून जातात. पण पडला का ते बघायला तर पाहिजे.

पाणी का पीत नाही विचारलं तर म्हणे, पॅसेंजर मागं बसवून जायचं कुठं? आता यावर काय बोलणार.

रात्री डायलिसिस केलं, सकाळी डीजे स्टेंट टाकला, म्हणजे तुंबलेली लघवी खाली यायला किडनीच्या नळीत बारीक ट्यूब, दुपारी अजून एक सेशन. आणि त्या चार तासांत युरोबॅग, म्हणजे लघवी साठायची पिशवी, दोनदा रिकामी करावी लागली! आम्ही सगळे खुश. पुढं दहा दिवसांत क्रिएटिनिन १.८ वर आलं, मशीन सुटलं. आमच्या युनिटमधनं असं सुटून जाणारे फार थोडे.

त्या दुपारी शेजारच्या बेडवर आमचे नेहमीचे काका होते, सहा वर्षं आठवड्यातनं तीनदा येतात, लघवी कधीच बंद झालीय, दिवसाला लिटरभर पाणीसुद्धा मोजून. ते एकटक त्या बॅगकडं बघत होते. रिक्षावाल्यांच्या बायकोला लाज वाटली, ती चादर ओढून झाकायला लागली तर काका म्हणाले, "असू दे गं पोरी, बघू दे जरा."